एकाच पॅनमध्ये पोर्क आणि मशरूम : मांस वातड होते, पाणी आटत नाही आणि साय फाटते

प्रश्न – नेकारकाठची

नमस्कार. मी नोकरीनिमित्त गेल्या वर्षापासून श्टुटगार्टला राहते. माहेर पुण्याचे, घरी मटण आणि कोंबडी नेहमी होत असे, परंतु डुकराचे मांस आमच्या स्वयंपाकघरात कधीच आले नव्हते, त्यामुळे आईला किंवा सासूबाईंना विचारावे अशी सोय नाही. इथे कार्यालयाच्या उपाहारगृहात ‘गेश्नेत्सल्टेस’ नावाचा एक पदार्थ मिळतो. मांसाचे लहान पातळ काप, मशरूम, भोवती सायीचा दाटसर रस आणि सोबत श्पेत्सले, म्हणजे अंडी घातलेल्या सैल पिठाच्या आखूड, जाडसर शेवया. तो मला आणि माझ्या यजमानांना फार आवडला. शेजारच्या आजींनी सांगितले, की हा पदार्थ घरोघरी एकाच पॅनमध्ये अर्ध्या-पाऊण तासात होतो आणि कामावरून आल्यावर करण्यासाठी याहून सोपे काही नाही.

मी तो आतापर्यंत तीनदा केला आणि तिन्ही वेळा बिघडला. मी काय करते ते जसेच्या तसे लिहिते, म्हणजे चूक कुठे होते ते आपल्याला सांगता येईल. मी ५०० ग्रॅम श्वाइनेफिले, म्हणजे डुकराच्या कण्यालगतचे मऊ मांस, आणते, ते वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुते आणि बोटाएवढ्या पट्ट्या करते. २८ सेंटिमीटरच्या नॉनस्टिक पॅनमध्ये तेलावर कांदा परतते, त्यावर सगळे मांस घालते, पाच मिनिटांनी ४०० ग्रॅम चिरलेले पांढरे मशरूम आणि मीठ घालते, झाकण ठेवते आणि मांस कच्चे राहू नये म्हणून वीस मिनिटे शिजवते. शेवटी आंबट साय घालून पुन्हा एक उकळी आणते.

मांस राखाडी आणि वातड होते, पॅनमध्ये पेलाभर पाणी साचते आणि आंबट साय घालताच तिचे दह्यासारखे कण होतात. चव अगदी वाईट नसते, पण उपाहारगृहातल्या ताटाशी तिचे काहीच नाते नसते. हे मांस पूर्ण शिजले आहे हे कसे ओळखायचे, याची मला मनापासून भीती वाटते आणि त्या भीतीनेच मी ते जास्त वेळ ठेवते, हेही खरे आहे. आमच्याकडे वाइन वापरत नाहीत, तेव्हा तिच्याशिवायची रीत सांगितल्यास बरे होईल.


उलथणे

ताई, एक साय सोडली तर तुमचे साहित्य योग्य आहे आणि मापही जवळपास बरोबर आहे. बिघडतो आहे तो मुख्यतः क्रम. मी बारा वर्षे म्युनिकला राहतो आणि हा पदार्थ आमच्याकडे पंधरा दिवसांतून एकदा तरी होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एकाच पॅनमध्ये करायचे म्हणजे सगळे एकाच वेळी घालायचे, असा समज होतो आणि घोटाळा तिथे सुरू होतो. पॅन एकच, पण त्यात प्रत्येकाची पाळी वेगळी असते. मांस आधी येते, परतून बाहेर जाते. मग मशरूम येतात, त्यांचे पाणी आटून ते तांबूस होतात. मग कांदा, मग रस, आणि मांस परत येते ते अगदी शेवटी, केवळ दोन-तीन मिनिटांसाठी. फिले हा कण्याच्या आतल्या बाजूचा, प्राण्याला फारसा वापरावा न लागणारा स्नायू आहे. त्यात चरबी थोडी आणि चिवट जोडऊती तर जवळपास नाहीच. मटण जसे मंद आचेवर तासभर ठेवल्यावर मऊ होत जाते, तसे याचे होत नाही. याला जितका जास्त वेळ द्याल तितके त्यातले पाणी पिळून निघते आणि ते कोरडे, रेषेदार होते. तुमची वीस मिनिटे झाकणाखाली हीच त्याच्या वातडपणाची मुळे आहेत.

आता माझी रीत सांगतो. मांस धुऊ नका. कागदी रुमालाने सर्व बाजूंनी टिपून कोरडे करा. फिलेवर एका बाजूला पांढरट, चकचकीत, चिवट पापुद्रा असतो, तो धारदार सुरी खाली सरकवून काढून टाका, कारण तो शिजत नाही आणि आकसला की तुकडा वाकडा होतो. गेश्नेत्सल्टेस म्हणजे खरे तर पट्ट्याच, परंतु नव्याने शिकताना मी पट्ट्या सुचवणार नाही. त्या एका मिनिटात जास्त शिजतात आणि हात सरावलेला नसेल तर वेळ साधत नाही. त्याऐवजी अडीच सेंटिमीटर जाडीच्या गोल चकत्या करा, म्हणजे बाहेरून रंग येईपर्यंत आतून थोडा अवधी मिळतो. पाचशे ग्रॅमच्या फिलेच्या आठ ते दहा चकत्या होतात. शेपटाकडचा बारीक भाग थोडा जास्त जाड कापा.

नॉनस्टिक पॅन बाजूला ठेवा आणि जाड बुडाचा स्टीलचा किंवा लोखंडी पॅन घ्या. या पदार्थाच्या चवीचा मोठा हिस्सा पॅनच्या बुडाशी लागणाऱ्या खरवडीत असतो, आणि नॉनस्टिकवर खरवड धरतच नाही. शिवाय रिकामा नॉनस्टिक पॅन फार तापवणे त्याच्या लेपासाठी चांगले नसते. इथली काचेची विद्युत शेगडी सावकाश तापते, म्हणून पॅन मध्यमपेक्षा थोड्या जास्त आचेवर चार मिनिटे नुसताच तापू द्या. मग एक मोठा चमचा बुटरश्माल्त्स घाला. हे म्हणजे आपले तूपच. लोण्यातला दुधाचा अंश काढलेला असल्यामुळे ते लवकर करपत नाही, आणि जर्मन घरांत श्निट्सल तळायला ते आवर्जून वापरतात. आपण परदेशात तूप शोधत फिरतो आणि ते इथे प्रत्येक दुकानात लोण्याशेजारी ठेवलेले असते, हे मला कळायला दोन वर्षे लागली होती.

चकत्यांना मीठ-मिरपूड पॅनमध्ये टाकण्याच्या क्षणी लावा, आधी लावून ठेवलीत तर पृष्ठभाग ओला होतो. एका वेळी पाचच चकत्या घाला, दोहोंमध्ये बोटभर जागा ठेवा आणि दोन-अडीच मिनिटे हलवू नका. चकती तयार झाली की आपण होऊन पॅन सोडते. उचलताना चिकटत असेल तर तिला अजून अर्धे मिनिट द्या. दुसरी बाजूही तशीच करा आणि खोलगट ताटलीत काढा. आतून त्या अजून पूर्ण झालेल्या नसतील, त्याची काळजी आत्ता करू नका. उरलेल्या चकत्यांचेही तसेच करा.

आता त्याच पॅनमध्ये, तो न धुता, मशरूम घाला. मी पांढऱ्यांपेक्षा तपकिरी शांपिन्यॉन घेतो. जात एकच आहे, पण तपकिरींची चव थोडी गडद लागते. प्रत्येकाचे चार तुकडे करा. पातळ काप केले तर आकसून नाहीसे होतात. मीठ आत्ता घालू नका आणि झाकण तर मुळीच ठेवू नका. दोन मिनिटांनी पाणी सुटेल, पॅन ओला दिसेल आणि मन खट्टू होईल, पण आच कमी करू नका. इथे डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतो. पाणी असेपर्यंत खदखद ऐकू येते, ते संपले की आवाज बदलून कोरडी चरचर सुरू होते. त्या क्षणानंतर मशरूम खऱ्या अर्थाने परतायला लागतात. आणखी तीन मिनिटांत त्यांच्या कडा तांबूस होतात. मशरूम जास्त शिजले तर गिळगिळीत होतील ही भीती बाळगू नका. त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या द्रव्याच्या असतात आणि ते उष्णतेने भाजीसारखे विरघळत नाही. म्हणून वीस मिनिटे लागण्याचा मान मशरूमचा आहे, मांसाचा नाही.

मग एक मध्यम कांदा बारीक चिरून आणि चमचाभर लोणी घालून तीन मिनिटे परता, आता मीठ घाला. १०० मिलिलिटर भाजीचा किंवा मांसाचा अर्क, म्हणजे ते उकळून गाळलेले पाणी (स्टॉक), ओता आणि लाकडी उलथण्याने बुडाची खरवड नीट खरवडून त्यात उतरवा. रस लगेच तपकिरी होतो आणि वाइनची उणीव भासत नाही. वडीचा अर्क वापरणार असाल तर तो खारट असतो, हे मिठाच्या वेळी ध्यानात ठेवा. अर्क अर्धा आटला की २०० मिलिलिटर साय, एक लहान चमचा मध्यम तिखट झेन्फ, म्हणजे बाटलीतली वाटलेली मोहरी, आणि भरपूर ताजी मिरपूड घाला.

सायीविषयी. तुम्ही वापरता ती आंबट साय साधारण १० टक्के स्निग्धांशाची असते, आणि इतक्या कमी स्निग्धांशाची आंबट साय उकळीला टिकत नाही. तिच्यातली प्रथिने गोळा होतात आणि कण दिसतात. त्याऐवजी फेटण्यासाठी विकतात ती गोड साय घ्या, जिच्यात किमान ३० टक्के स्निग्धांश असतो. ती बिनधास्त उकळते आणि आटून दाट होते. थोडा आंबटपणा हवाच असेल तर शेवटी आच बंद करून लिंबाचे पाच-सहा थेंब पिळा, किंवा क्रेम फ्रेशचा, म्हणजे जास्त स्निग्धांशाच्या आंबट सायीचा, एक चमचा ढवळा.

रस चमच्याच्या पाठीला धरू लागला की आच मंद करा, ताटलीत साचलेल्या रसासकट चकत्या परत ठेवा, दोन-तीन मिनिटांत त्या आतपर्यंत होतात. वरून बारीक चिरलेली पार्सली. तेवढ्या वेळात दुसऱ्या शेगडीवर विकतचे श्पेत्सले गरम होतात. आम्ही पुष्कळदा त्याऐवजी साधा भातच घेतो, आणि हा रस भातावर फार छान लागतो.


औष्णिक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त पाणी का आटत नाही, याचा हिशेब मांडतो, कारण तो एकदा कळला की पॅन भरण्याचा मोह आपोआप कमी होतो.

ताज्या शांपिन्यॉनमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. म्हणजे ४०० ग्रॅम मशरूम घातले तर आपण साडेतीनशे ग्रॅमहून अधिक पाणी पॅनमध्ये घातले. ते सगळे बाहेर काढायचे नसते, पण तांबूस रंगासाठी निदान २०० ग्रॅम तरी उडून जावे लागते. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० कॅलरी उष्णता लागते, आणि तेच उकळते पाणी वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागते, म्हणजे जवळपास सातपट. दोन किलोवॅटच्या शेगडीची निम्मी उष्णता खरोखर अन्नात पोहोचते असे धरले, तर २०० ग्रॅम पाणी उडवायला आठ-नऊ मिनिटे लागतात. पाणी सुटले तरी आच कमी करू नका, असे ‘उलथणे’ यांनी का सांगितले, ते या हिशेबावरून कळते.

जोवर पॅनमध्ये पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. मांसाला आणि मशरूमला जो खरपूस वास आणि तांबूस रंग येतो, तो साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातील प्रक्रियेने. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ती जोमाने होण्यासाठी साधारण १४० अंशांहून अधिक तापमान लागते. ताईंच्या पॅनमध्ये मांस, मशरूम, मीठ आणि झाकण एकत्र आल्यावर ते तापमान कधी येणेच शक्य नव्हते. मांस परतले जात नव्हते, ते मशरूमच्या पाण्यात उकडले जात होते. झाकणाने तर सुटलेली वाफही परत आत ढकलली. धुतलेल्या मांसाचेही तेच. पृष्ठभागावरचे थोडेसे पाणी उडवण्यात पॅनची सुरुवातीची सगळी धग खर्च होते.


सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून मांस कच्चे राहण्याच्या भीतीविषयी लिहिते. ही भीती निराधार नाही आणि तिची थट्टा होऊ नये असे मला वाटते. पण तिच्यावरचा उपाय वीस मिनिटे झाकून ठेवणे हा नसून शंभर-दोनशे रुपयांना, तिकडे काही युरोंना, मिळणारा टोकदार तापमापक हा आहे.

जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेचा सल्ला असा आहे, की मांसाच्या मध्यभागी ७० अंश सेल्सिअस तापमान निदान दोन मिनिटे राहिले पाहिजे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती हे प्रमाण ठरवले. खिम्यासाठी मात्र ७१ अंश कायम ठेवले, कारण खिम्यात बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात. ताईंनी जर्मन सल्ला पाळावा असे मी सुचवेन. चकत्या रसात परत गेल्यावर तापमापकाचे टोक वरून नव्हे, तर बाजूने, चकतीच्या जाडीच्या मधोमध खुपसावे. ७० दिसले की दोन मिनिटे मोजावीत आणि थांबावे. ८० अंशांपर्यंत नेल्याने सुरक्षितता वाढत नाही, फक्त मांस कोरडे होते. रंगावर विसंबू नये. काही वेळा पूर्ण शिजलेले मांसही आतून फिकट गुलाबी राहते आणि काही वेळा अपुरे शिजलेले मांसही राखाडी दिसते.

युरोपात बाजारात येणाऱ्या डुकराच्या मांसाची ट्रिकिनेला या कृमीसाठी तपासणी होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत या कृमीने अनेकांचे बळी गेले होते, आणि सक्तीच्या तपासणीसाठी रुडॉल्फ फिर्खो या वैद्याने मोठा आग्रह धरला होता. आपल्याकडे काळजीचे कारण वेगळे आहे, ते म्हणजे डुकरातला पट्टकृमी. त्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो इथे दूर करते. अर्धवट शिजलेल्या बाधित मांसातून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. परंतु मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा जो आजार आहे, तो या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो. ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून येतात आणि दूषित पाणी, न धुतलेली पालेभाजी किंवा अस्वच्छ हात यांतून पसरतात. म्हणूनच हा आजार आयुष्यभर शाकाहारी असलेल्यांनाही होतो. मांस नीट शिजवा, आणि कोशिंबिरीची भाजी तितकीच नीट धुवा.

मांस धुण्याविषयी ‘उलथणे’ यांनी चवीच्या दृष्टीने लिहिले, मी आरोग्याच्या दृष्टीने दुजोरा देते. आपल्याकडे मांस दोन-तीन पाण्यांतून काढण्याची सवय हाडीमाशी मुरलेली आहे आणि उघड्यावरच्या बाजारातून आणलेल्या मांसाच्या बाबतीत तिच्यामागे कारणही होते. वेष्टनातल्या मांसाच्या बाबतीत मात्र त्याने जंतू जात नाहीत, ते शिंतोड्यांबरोबर सिंकभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. मशरूम, कांदा आणि पार्सली आधी चिरून बाजूला ठेवा, मांस शेवटी कापा, म्हणजे एकच पाट आणि एकच सुरी पुरते. आणि ज्या ताटलीत अर्धवट झालेल्या चकत्या काढल्या होत्या, तिच्यातच शेवटी वाढून घेऊ नका.


वसईची लेक

हे सगळे वाचताना एका गोष्टीची जाणीव झाली, की इथे चर्चा फक्त फिलेची चालली आहे. मुंबई, वसई किंवा गोव्याच्या वाचकाने फिले मागितले तर ते मिळेलच असे नाही, आणि मिळाले तर महाग असते. आमच्याकडे मांस मिळते ते बहुधा खांद्याचे किंवा पोटाचे, कातडी आणि चरबीसकट. त्या मांसाला वर दिलेली रीत लावली तर पदार्थ हमखास फसेल, कारण त्यातल्या चिवट जोडऊती विरघळायला वेळच लागतो. आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत नाताळला इंदियाल आणि सोरपोतेल होते, लग्नाला पोर्क असतेच. त्यामुळे या मांसाशी माझी ओळख लहानपणापासूनची आहे. मशरूम मात्र आमच्या जुन्या पदार्थांत नसतात, ते मी माझ्या हौसेने घालू लागले.

तरीही हे एकाच कढईत होते, फक्त पाऊण तासाऐवजी सव्वा तास धरा. खांद्याचे ६०० ग्रॅम मांस चरबीसकट घ्या, कातडी खाटकाकडूनच काढून घ्या आणि दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा. जाड बुडाच्या कढईत मांस, वाटीभर पाणी, ठेचलेला लसूण आणि मीठ घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर पाऊण तास शिजू द्या. तुकडा बोटाने दाबल्यावर सुटा होऊ लागला की झाकण काढा आणि आच वाढवा. पाणी आटते, तोवर चरबी वितळून खाली साचलेली असते, आणि मग मांस स्वतःच्याच चरबीत खरपूस परतले जाते. वेगळे तेल लागत नाही. तुकडे बाहेर काढा, दोन मोठे चमचे चरबी ठेवून बाकीची वाटीत काढून घ्या, आणि त्या चरबीत मशरूम परता. इथून पुढे पाणी, खदखद आणि चरचर यांविषयी वर जे लिहिले आहे ते तंतोतंत लागू पडते.

आम्ही साय घालत नाही. मशरूम तांबूस झाले की उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, भरड मिरपूड, आणि शेवटी मांस परत घालून दोन चमचे माडाचे व्हिनेगर. हे व्हिनेगर माडाच्या ताडीपासून होते आणि त्याचा आंबटपणा सौम्य, किंचित गोडसर असतो. साधे व्हिनेगर घ्याल तर निम्मेच घाला. कढई लोखंडाची किंवा बिडाची असेल तर व्हिनेगर घातल्यावर पदार्थ तिच्यात फार वेळ ठेवू नका, लगेच काढून घ्या, नाहीतर लोखंडाची चव उतरते आणि रंग काळपट होतो. हे तांदळाच्या भाकरीबरोबर, पावाबरोबर किंवा फुग्यांबरोबर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या तळलेल्या गोळ्यांबरोबर, खा.

मशरूमविषयी दोन शब्द. आपल्या बाजारात पांढऱ्या मशरूमशेजारी धिंगरी अळंबीही मिळते, आणि चरबीत परतण्यासाठी मला ती अधिक आवडते, कारण हाताने लांबट फाडली की तिच्या कडा कुरकुरीत होतात. पावसाळ्यात गोव्यात आणि कोकणात वारुळांवर उगवणारी रानअळंबी, गोव्यात जिला ओळमी म्हणतात, ती मात्र या पदार्थात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिची चव इतकी नाजूक असते, की पोर्कच्या चरबीपुढे ती हरवून जाते. तिला नारळाच्या रसातच मान द्यावा. आणि ताई, शरद ऋतूत तिकडच्या जंगलात लोक टोपल्या घेऊन मशरूम वेचायला जातात असे ऐकते. आपल्याकडच्या ओळखीवर विसंबून तुम्ही स्वतः वेचू नका. युरोपातली हिरवट टोपीची विषारी अमानिटा खाद्य जातींसारखी दिसते आणि तिचे विष शिजवल्याने जात नाही.


नेकारकाठची

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. शनिवारी ‘उलथणे’ दादांच्या क्रमाने केले आणि पहिल्यांदाच जमले. मशरूमचा आवाज बदलतो तो क्षण मी स्वयंपाकघरात उभी राहून अक्षरशः कान देऊन ऐकला. अकराव्या मिनिटाला चरचर सुरू झाली. चकत्यांपैकी पहिल्या पाचांना सुरेख रंग आला. दुसऱ्या पाचांच्या वेळी खरवड थोडी करपली आणि रसात किंचित कडवटपणा उतरला. तापमापकावर ७० दिसल्यावर पुढे शिजवत न ठेवणे मला जड गेले, पण दोन मिनिटे मोजून थांबले, आणि मांस सुरीने अलगद कापले गेले. यजमानांनी उरलेला रस भातावर घेतला.

आता दोन शंका उरल्या आहेत. दुसऱ्या खेपेला खरवड करपू नये म्हणून काय करावे? आणि शेजारच्या आजी म्हणतात, की मशरूमचा पदार्थ पुन्हा कधीही गरम करायचा नाही, तो विषारी होतो. मी मात्र उरलेले दुसऱ्या दिवशी डब्यात नेण्याच्या विचारात आहे. आजींचा अनुभव मोठा आहे, म्हणून त्यांचे म्हणणे मोडवत नाही.


सूक्ष्मदर्शी

आजी सांगतात ती समजूत जर्मन घरांत फार जुनी आहे आणि शीतकपाट नव्हते त्या काळी ती योग्यच होती. मशरूममध्ये पाणी आणि प्रथिने दोन्ही असल्यामुळे ते उबदार जागी लवकर खराब होतात. आज मात्र पदार्थ जेवणानंतर तासन्‌तास शेगडीवर न ठेवता, पसरट भांड्यात काढून लवकर गार केला, शीतकपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सर्व बाजूंनी ७० अंशांहून अधिक, वाफा येईपर्यंत गरम केला, तर खाण्यास हरकत नाही. एकदाच गरम करावा, आणि दुसऱ्या दिवसाच्या पुढे ठेवू नये. डबा कार्यालयात पोहोचेपर्यंत गारच राहील अशी व्यवस्था करा.


उलथणे

जमले हे वाचून फार आनंद झाला. खरवडीचे असे करा, की पहिल्या पाच चकत्या काढल्यावर आच एक आकडा खाली आणा, पॅनमध्ये मांसाचे सुटे कण दिसत असतील तर ते कागदाने टिपून घ्या, आणि दुसऱ्या खेपेसाठी अर्धा चमचा ताजे बुटरश्माल्त्स घाला. तरीही बुडाला गडद डाग दिसू लागले, तर दोन चमचे पाणी शिंपडून ती खरवड लगेच सोडवा आणि मांसाच्या ताटलीत ओतून ठेवा, ती नंतर रसात जाईलच. मशरूमसाठी पॅन पुन्हा कोरडा तापू द्या. खरवड तपकिरी असेपर्यंत चव देते, काळी झाली की ती रसात घेऊच नये, पॅन पुसून सरळ मशरूमपासून सुरुवात करावी. तुमचे मशरूम अकरा मिनिटांनी बोलू लागले, याचा अर्थ पॅन त्यांच्यासाठी थोडा लहान पडला. पुढच्या वेळी तेही दोन खेपांत परतून पाहा, आणि डब्यासाठी करणार असाल तर चकत्या वेगळ्या डब्यात न ठेवता रसात बुडवूनच न्या, म्हणजे गरम करताना त्या कोरड्या पडणार नाहीत.